गल्लीतल्या कामाचा क्रमांक आम्हालाही कळू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दर वर्षी अर्थसंकल्पाच्या दिवसांत आपल्या दैनिकात ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांची बातमी ठळकपणे येते. रुपया कसा येणार आणि कसा जाणार याचे वर्तुळाकार चित्र असते आणि नव्या प्रकल्पांची नावे असतात. एकूण रकमेचा आकडा मोठ्या टायपात असतो, आणि तो आता दोन्ही शहरांत पाच हजार कोटींच्या पुढे गेला आहे. मी ही बातमी कापून ठेवते. एका सहकारी पतसंस्थेत एकतीस वर्षे हिशेब लिहिल्यामुळे लागलेली ती सवय आहे. परंतु कात्रणांचा एवढा गठ्ठा साठूनही माझ्या घरामागच्या गल्लीत गेल्या वर्षी सार्वजनिक पैशांतले किती रुपये पडले, हे मला सांगता येत नाही. अंदाजपत्रकांचे संपूर्ण ग्रंथ संकेतस्थळावरून उतरवून घेऊन वाचले, तरी सांगता येत नाही. या एका अडचणीविषयी थोडे विस्ताराने लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

आमच्या इमारतीच्या मागे सुमारे चार वर्षांपूर्वी एक गटार बांधले गेले. काम सुरू होताच फलक लागला. वर हसरी छायाचित्रे, खाली ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’ अशी ओळ आणि मधे कामाचे नाव होते. रक्कम, ठेकेदार, मुदत यांपैकी कशाचाच त्यावर पत्ता नव्हता. गटार तीन आठवड्यांत बांधून झाले, फलक मात्र दोन पावसाळे टिकला. पाणी पूर्वीसारखेच साचत राहिले, तेव्हा ‘निम्मे पैसे खाल्ले’ हा निष्कर्ष आमच्या सोसायटीत जवळजवळ एकमताने काढला गेला. पुरावा कोणाकडे नव्हता आणि तो मागायचा कोणाकडे हेही ठाऊक नव्हते. आमच्या पट्ट्यात रस्त्याची एक कड एका यंत्रणेची आणि दुसरी कड दुसऱ्या यंत्रणेची असते. महापालिका, नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ, औद्योगिक विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम खाते यांच्या हद्दी एकमेकींना खेटून आहेत, आणि कोणते गटार कोणाचे हे ते फुटल्याशिवाय कळत नाही. आमचे गटार ज्या कार्यालयाचे निघाले त्याचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते इतरांपेक्षा वाईट नाही, आणि माझी तक्रार एका कार्यालयाविषयी नाही.

शेवटी मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि एकच विषय व दीडशे शब्द ही राज्याच्या नियमांतली मर्यादा पाळली. तीस दिवस होत आले तेव्हा उत्तर आले की सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. अर्ज ज्यांचा विषय असेल त्यांच्याकडे पाच दिवसांत वर्ग करायचा असतो, हे त्याच कायद्याचे कलम ६(३) सांगते. ते पत्राने कळवल्यावर अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला आणि तिथून ‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने प्रत्यक्ष येऊन पाहावी’ असे पत्र आले. यात साडेतीन महिने गेले. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने नोव्हेंबर २०१८ मध्ये परिपत्रक काढून, जिल्हा पातळीवरील व त्याखालील कार्यालयांनी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे सांगितलेले आहे. मी त्या परिपत्रकाची प्रत बरोबर नेली होती. समोरच्या लिपिकाने ती शांतपणे वाचली, मला बसायला खुर्ची दिली आणि ‘हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते’ असे म्हणाला. तो खोटे बोलत होता असे मला वाटले नाही.

फाइल पाऊण वीत जाड होती, पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडलेले आणि फीत धुरकट झालेली. पण आत सगळे होते. मागणीचे मूळ पत्र, जागेची पाहणी, कनिष्ठ अभियंत्याने तयार केलेले अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी, निविदेतल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या पानांच्या प्रती, दोन चालू देयके व एक अंतिम देयक, कापून घेतलेली सुरक्षा अनामत आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत. अक्षांश-रेखांश छापलेले सहा फोटोही होते. मोजमाप पुस्तिकेत गटाराची लांबी ८६ मीटर लिहिली होती. मी ती टिपून आणली. शेजारचे एक काका बांधकाम व्यवसायातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी पोलादी टेप काढला आणि रविवारी सकाळी आम्ही दोघांनी गटार मोजले. ८५ मीटर ४० सेंटिमीटर भरले. रुंदी बरोबर होती, झाकणांची संख्या बरोबर होती. ज्या अभियंत्याला आम्ही दोन वर्षे चहाच्या प्रत्येक कपाबरोबर नावे ठेवत होतो, त्याने काम चोख करून घेतले होते.

चूक होती ती वेगळीच. मागणीचे मूळ पत्र आमच्या गल्लीसाठी नव्हतेच. ते मैदानाच्या कोपऱ्यावर, चाळीस-पन्नास मीटर पुढे साचणाऱ्या पाण्याविषयी होते. पत्रात ‘इमारतीमागील रस्ता’ असे मोघम लिहिले होते, पाहणी करणाऱ्याला जी इमारत पहिली भेटली तिच्या मागे गटार आखले गेले, आणि पुढची प्रत्येक सही आधीच्या सहीवर विसंबून झाली. उतार कोणत्या दिशेने आहे याची मोजणी फाइलीत सापडली नाही. म्हणजे पैसे नियमाने खर्च झाले, सिमेंट-वाळू नियमाने पडली, हिशेब नियमाने लिहिला गेला आणि गटार भलत्या जागी बांधले गेले. कार्यादेश निघण्यापूर्वी त्या कामाचे नाव, नेमकी जागा आणि रक्कम एवढ्या तीन ओळी कोठेही उघड लागल्या असत्या, तर सकाळी फिरायला जाणाऱ्या कोणीही सांगितले असते की पाणी इथे साचत नाही, तिकडे साचते.

म्हणूनच ज्याला हल्ली ‘ओपन डेटा’ आणि मराठीत ‘खुली विदा’ म्हणतात, म्हणजे कोणालाही पाहता आणि वापरता येईल अशी सरकारी माहिती, तिच्याकडे केवळ भ्रष्टाचार पकडण्याचे साधन म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. भ्रष्टाचार असेल तर तो उघड व्हावाच. पण वस्तीच्या विकासाचा बराच पैसा चोरीला जाण्यापेक्षा चुकीच्या जागी जातो, आणि ती चूक ओळखण्याइतके ज्ञान त्या वस्तीत राहणाऱ्यांकडे असते. ते ज्ञान वेळेवर कार्यालयात पोहोचायचे, तर कार्यालयाची माहिती आधी वस्तीपर्यंत पोहोचली पाहिजे.

यात कायद्याची उणीव नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे, आणि त्याही आधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता. केंद्रीय कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १२० दिवसांत सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या होत्या, त्यांत प्रत्येक यंत्रणेला दिलेली तरतूद, सर्व योजनांचा तपशील, प्रस्तावित खर्च आणि प्रत्यक्ष वाटप केलेल्या रकमांचे अहवाल येतात. लोकांना या कायद्याचा आधार कमीत कमी वेळा घ्यावा लागेल इतकी माहिती वेळोवेळी आपणहून द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. ती देताना स्थानिक भाषेचा आणि त्या भागात परिणामकारक ठरणाऱ्या माध्यमाचा विचार करावा, हेही आहे. अर्ज आणि अपील हा या कायद्याचा मागचा दरवाजा आहे. पुढचा दरवाजा कलम ४ आहे, आणि आपण वीस वर्षे मागच्याच दाराशी रांग लावून उभे आहोत. कलम ४ ची सतरा बाबींची पत्रके बहुतेक कार्यालयांच्या संकेतस्थळांवर असतात, नाही असे नाही. पण त्यांत अधिकाऱ्यांची कर्तव्ये पानेच्या पाने आणि खर्चाच्या वाटपाचा रकाना दोन ओळींचा, असे प्रमाण मी अनेकदा पाहिले आहे. अधिकारी बदलून गेल्यावरही त्यांची नावे तशीच राहतात, हा भाग निराळा.

आपल्या लोकांना हिशेबाचे वावडे आहे, असे कोणी म्हणेल तर ते मी मान्य करणार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला एकदा येऊन पाहावे. पाण्याची टाकी साफ करण्याचे आठशे रुपये कसे झाले यावर पाऊण तास चर्चा होते, मागच्या वर्षीच्या ताळेबंदाशी आकडे ताडून पाहिले जातात, आणि सचिवाला प्रत्येक व्हाउचर काढून दाखवावे लागते. गणेशोत्सव मंडळाच्या अहवालात ५१ रुपये वर्गणी देणाऱ्याचेही नाव छापलेले असते आणि शेवटच्या पानावर जमाखर्च असतो, ढोल-ताशाचे किती आणि मांडवाचे किती. हीच माणसे मालमत्ता कराच्या बिलापोटी वर्षाला कित्येक हजार भरतात आणि त्याचे काय झाले ते विचारत नाहीत. उदासीनता हे त्याचे कारण मला पटत नाही. सोसायटीचे व्हाउचर समोर ठेवता येते, शहराचे ठेवता येत नाही, एवढाच फरक आहे.

शहराचे व्हाउचर का ठेवता येत नाही, हा माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. आमच्या त्या एका गटाराला फाइलीत पाच-सहा वेगवेगळे क्रमांक होते. अर्थसंकल्पात ते एका लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या एका मथळ्याखाली, इतर पन्नास कामांबरोबर एका रकमेत मिसळले होते. फाइलीला आवक-जावकचा क्रमांक होता, निविदेला ई-निविदा प्रणालीचा, कार्यादेशाला बांधकाम विभागाचा, मोजमाप पुस्तिकेला तिचा आणि देयकाला लेखा विभागाच्या व्हाउचरचा. यांतला कोणताही क्रमांक दुसऱ्याकडे नेत नाही. निविदेचा क्रमांक हाती असून त्या कामाचे किती पैसे दिले गेले हे सापडत नाही, आणि व्हाउचरवरून ते काम शहरात कोठे आहे हे कळत नाही. प्रत्येक टेबलापाशी माहिती पुरी आहे, धागा कुठेच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून, अशी म्हण आहे. इथे आड तुडुंब भरलेला आहे आणि दोर तेवढा तुटलेला.

पतसंस्थेत कर्जदाराला खाते उघडताना जो क्रमांक मिळतो, तोच अर्जावर, जामीनपत्रावर, हप्त्याच्या पावतीवर आणि थकबाकीच्या नोटिशीवर असतो. तसा नसता तर आम्हाला महिनाअखेरीस ताळमेळ बसवताच आला नसता. सार्वजनिक कामालाही मागणी नोंदवली गेली त्या दिवशी एक क्रमांक मिळावा, आणि तोच मंजुरी, निविदा, कार्यादेश, मोजमाप, देयक आणि रस्त्यावरचा फलक या सगळ्यांवर यावा. यासाठी नवा कायदा, नवा विभाग किंवा कोट्यवधींची नवी संगणक प्रणाली लागत नाही. (असली प्रणाली आणण्याची निविदा मात्र लगेच निघू शकते, अशी भीती मला हे लिहितानाही वाटते आहे.)

निधीचे झरे अनेक असल्यामुळे या क्रमांकाची गरज आणखी वाढते. खासदारांच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीची योजना १९९३ पासून आहे आणि तीत प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. त्याखेरीज आमदारांचा निधी आहे, जिल्हा नियोजन समितीची वार्षिक योजना आहे, राज्याची नगरोत्थान व वस्ती सुधारणेची अनुदाने आहेत, महापालिकेचा स्वतःचा भांडवली खर्च आहे आणि नवी मुंबईत सिडकोचा व औद्योगिक महामंडळाचा खर्च वेगळा. एकाच पदपथाचे पेव्हर ब्लॉक एका निधीतून बसतात, पुढच्या वर्षी जलवाहिनीसाठी दुसऱ्या निधीतून उखडले जातात आणि तिसऱ्यातून पुन्हा बसतात. प्रत्येक यंत्रणेच्या हिशेबात आपापले काम बरोबर असते. पदपथाच्या जागेवर उभे राहून तिन्ही खर्च एकत्र पाहण्याची सोय मात्र त्यावरून रोज चालणाऱ्यालाही नाही आणि, मला शंका आहे, त्या तीन अधिकाऱ्यांनाही नाही.

आता ‘संकेतस्थळावर सगळे टाकले आहे’ या उत्तराविषयी. मी ते सगळे पाहायचा प्रयत्न केला आहे. एका यंत्रणेच्या कामांची यादी ही छापलेल्या कागदांची स्कॅन केलेली पीडीएफ होती. कागद यंत्रात तिरका गेल्यामुळे शेवटचा रकाना अर्धा कापला गेला होता, आणि तो नेमका ‘झालेला खर्च’ हा होता. दुसऱ्या ठिकाणी मजकूर संगणकावरचाच होता, पण जुन्या मराठी फाँटमध्ये. तो निवडून एक्सेलमध्ये चिकटवला की अगम्य चिन्हांची रांगोळी उमटते. कोणत्याही संगणकावर मराठी सारखीच वाचता येईल अशी युनिकोड ही पद्धत येऊन इतकी वर्षे झाली, तरी ‘ऐरोली’ हा शब्द त्या यादीत शोधला तर सापडत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तो तिथे लिहिलेलाच नाही. शोधता येत नाही, बेरीज करता येत नाही, क्रम लावता येत नाही; अशा यादीला प्रसिद्ध केलेली म्हणणे म्हणजे कपाटाला काच बसवून किल्ली खिशात ठेवण्यासारखे आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्ये विदा खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण आखले आणि त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात माहिती द्यावी, हे त्या धोरणाचेच म्हणणे आहे. ज्या एक्सेल तक्त्यातून ती यादी छापली गेली, तोच तक्ता जसाच्या तसा ठेवला असता तर छपाई, स्कॅनिंग आणि माझा चष्मा या तिन्हींवरचा ताण वाचला असता.

खेड्यात हे काही अंशी जमले आहे, हे शहरात राहणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. माझा भाऊ चिपळूण तालुक्यात राहतो. एप्रिल २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ ही प्रणाली सुरू आहे आणि तिच्यावर तो आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा व कामनिहाय खर्च मोबाइलवर पाहतो. नोंदी वेळेवर होत नाहीत अशी कुरकुर तोही करतो, पण कुरकुर करायला त्याच्यासमोर निदान नोंद असते. रोजगार हमीच्या कामांचे तर हजेरीपट संकेतस्थळावर कितीतरी वर्षे लागत आले, मजुराच्या नावानिशी, दिवसांनिशी आणि मजुरीच्या रकमेनिशी. ज्या देशात फावडे मारणाऱ्या बाईची आठवड्याची मजुरी साऱ्या जगाला पाहता येते, तिथे शहरातल्या ठेकेदाराचे अंतिम देयक पाहायला अर्ज का करावा लागावा? माहितीच्या अधिकाराची चळवळही अशाच कागदांवरून उभी राहिली. राजस्थानात १९९४ मध्ये कोटकिराणा गावी पहिली जनसुनावणी झाली, तेव्हा लोकांनी मागितले होते ते हजेरीपट आणि बिले.

शहरांच्या बाबतीत पैशांची गाठ घातली की काय होते, याचेही उदाहरण आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासून नागरी संस्थांच्या अनुदानाला अट घातली की आदल्या वर्षाचे लेखापरीक्षणापूर्वीचे आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब लोकांना पाहता येतील असे ऑनलाइन ठेवले पाहिजेत. अनुदान अडणार म्हटल्यावर देशभरातल्या नगरपालिकांना हिशेब प्रसिद्ध करणे सुचले. पण ते हिशेब संपूर्ण शहराचे असतात, त्यांतून प्रभाग दिसत नाही. राज्य शासनाला आणि जिल्हा नियोजन समितीला आपल्या निधीसाठी अशीच अट कामाच्या पातळीवर घालता येईल. यादी खुली नसेल तर पुढचा हप्ता नाही, इतके साधे.

माहिती खुली झाली तर ती घेऊन बसायचे कोठे, हा पुढचा प्रश्न आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे, आणि तिने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. आपल्या राज्याच्या कायद्यात प्रभाग समितीवर स्वयंसेवी व वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमण्याची सोय आहे. २००९ मध्ये त्यात क्षेत्रसभेची भर पडली, म्हणजे मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा, जवळजवळ ग्रामसभेसारखी. मी नियमित मतदान करते, तरी आजवर एकाही क्षेत्रसभेला बसलेली नाही, आणि माझ्या ओळखीत बसलेले कोणी भेटलेले नाही. मधल्या काळात तर नवी मुंबईच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासकांचा कारभार आला आणि तो वर्षानुवर्षे चालला. तेव्हा विचारायला नगरसेवकही नव्हता. त्या काळातल्या कामांची यादी तर अधिकच आवश्यक आहे.

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी आपल्या प्रभागातली छोटी कामे अंदाजपत्रकासाठी सुचवण्याची पद्धत आहे. तिच्या मर्यादा पुणेकरच आपल्याला सांगतील, आणि मोठ्या आवाजात सांगतील. तरी अंदाजपत्रक तयार होण्याच्या आधी, पावसाळ्याच्या सुमारास, अर्ज मागवले जातात हे मला त्यात महत्त्वाचे वाटते. आयुक्तांनी आकडे मांडल्यानंतर सूचना मागवणे म्हणजे वरातीमागून घोडे. केरळने १९९६ मध्ये राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि लोकांकडून आराखडे करून घेतले, तेव्हा त्याआधी प्रत्येक पंचायतीत साधनांची आणि गरजांची माहिती गोळा करण्यावर भर होता. निधी आणि माहिती एकत्र दिली तरच निवड करता येते. नुसता निधी दिला की फलक लागतात.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. मी त्या सोमवारी दोन तास तिथे बसले होते. लिपिकाच्या टेबलावर माहिती अधिकाराच्या अर्जांची चळत होती, आणि त्यातले काही अर्ज ठेकेदारांकडून पैसे उकळण्यासाठी केले जातात असे तो म्हणाला. असे लोक आहेत, हे आपण सगळे जाणतो. पण त्यांचा धंदा चालतो तो माहिती दुर्मिळ असल्यामुळेच. जी यादी चौकात लागली आहे, ती दडवण्याचे किंवा उघड करण्याचे पैसे कोण देईल? दुसरा आक्षेप खासगीपणाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कलमात बदल केला आहे, आणि त्याचा आधार घेऊन नावे झाकली जातील अशी भीती अनेकांनी व्यक्त केली आहे. विधवा पेन्शन घेणाऱ्या बाईचा पत्ता, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाचा बँक खाते क्रमांक, रुग्णाचा आजार हे संकेतस्थळावर येता कामा नये, याविषयी माझे मत ठाम आहे. पण सार्वजनिक पैशातून सार्वजनिक रस्त्यावर काम करणाऱ्या ठेकेदार संस्थेचे नाव आणि तिला दिलेली रक्कम हे कोणाचे खासगी आयुष्य नव्हे. ही रेषा आधीच आखून प्रसिद्ध केली तर प्रत्येक माहिती अधिकाऱ्याला ती आपल्या हिमतीवर आखावी लागणार नाही.

यादीबरोबर आणखी एक गोष्ट खुली व्हावी असे मला वाटते, ती म्हणजे कोणत्या विभागात किती लोक राहतात असे धरून पैसे वाटले जातात. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबईची लोकसंख्या ११ लाख २० हजार आणि ठाण्याची १८ लाख ४१ हजार होती, आणि नवी गणना लांबत गेली. घणसोलीच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या लोकांना तेव्हाचे आकडे वाचून दाखवले तर ते हसतील. मालमत्ता कराच्या आणि नळजोडण्यांच्या नोंदी यंत्रणांकडे दरवर्षी ताज्या असतात. त्यांतून माणसांची नावे वगळून नुसते विभागवार आकडे दिले, तरी पुष्कळ उलगडा होईल.

आम्ही आमच्यापुरते एक केले आहे. सोसायटीच्या कार्यालयात एक लांबडी वही ठेवली आहे, आणि आसपासच्या तीन गल्ल्यांत जे काम सुरू होईल त्याची तारीख, जागा, दिसेल ते मोजमाप आणि पाणी साचते ती ठिकाणे तीत लिहितो. दोन कॉलेजची मुले ती महिन्यातून एकदा संगणकावर उतरवतात. आतापर्यंत सतरा कामे नोंदली गेली आहेत. यंत्रणा, निधी, रक्कम आणि काम क्रमांक हे चार रकाने आम्ही आखून ठेवले आहेत, आणि पहिल्या गटाराची ओळ सोडली तर ते रिकामे आहेत.

ते भरण्यासाठी सतरा अर्ज करण्याची माझी तयारी आहे, पण त्याने लिपिकाच्या चळतीत सतरांची भर पडेल. त्याऐवजी ठाणे आणि नवी मुंबईतील सर्व यंत्रणांनी आपल्या मागील तीन वर्षांच्या आणि चालू वर्षाच्या कामांचा तक्ता, युनिकोड मराठीत आणि एक्सेल स्वरूपात, पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत, संकेतस्थळावर ठेवावा आणि एकेक छापील प्रत विभाग कार्यालयाच्या फलकावर लावावी, अशी मी आपल्या दैनिकामार्फत विनंती करते. तक्ते संगणकावर तयार आहेत, कारण देयके त्यांवरूनच निघतात. मैदानाच्या कोपऱ्यावरच्या पाण्याविषयीचे पत्र आम्ही नव्याने दिले आहे. या वेळी त्यात इमारतीचे नाव, विजेच्या खांबाचा क्रमांक आणि अक्षांश-रेखांश लिहिले आहेत, आणि पत्राची पोच घेतली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल
ऐरोली, नवी मुंबई